मोटारचालनातील इंधनबचत : ऊर्जेचा हिशेब आणि चालकाची भूमिका

गोषवारा

मोटारगाडीचा इंधनखर्च गाडीच्या बनावटीइतकाच ती चालविण्याच्या रीतीवरही अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात चालत्या गाडीतील ऊर्जा कोठे व कशी खर्च होते, याचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमांच्या आधारे मांडला असून चालकाच्या हाती नेमके काय आहे, याचे विवेचन केले आहे. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या रूढ प्रथेचा विशेष परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : इंधन कार्यक्षमता, गतिज ऊर्जा, हवेचा रोध, गिअर, उतारावरील वाहनचालन

प्रस्तावना

जिल्ह्याच्या ठिकाणी वास्तव्य करून तालुक्याच्या महाविद्यालयात अध्यापनासाठी दररोज ये-जा करणारा प्राध्यापक वर्ग महाराष्ट्रात मोठा आहे. 'अप-डाउन' हा शब्द आपल्या स्टाफरूममध्ये इतका रुळला आहे की, त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणास वाटलेली नाही. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि वर्षाकाठी २२० दिवस, असा प्रवास गृहीत धरला, तर वर्षाला १३,२०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १६ किलोमीटर धावत असेल तर त्यासाठी ८२५ लिटर पेट्रोल लागते. तीच गाडी १९ किलोमीटर धावली तर सुमारे ६९५ लिटर पुरते. हा १३० लिटरचा फरक तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ नव्हे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो, म्हणजे या फरकाबरोबर सुमारे ३०० किलो वायूही टळतो. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, ही बाब सर्वज्ञात आहे.

हा फरक नवी गाडी न घेता साध्य होऊ शकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. 'गाडी किती ॲव्हरेज देते?' असे आपण विचारतो. या प्रश्नात 'देणारी' गाडी असते, चालक कोठेच नसतो. शिवाय ॲव्हरेज म्हणजे सरासरी. ती कशाकशाची सरासरी आहे, याचा विचार सहसा होत नाही. सकाळी थंड इंजिनाने कापलेले पहिले दोन किलोमीटर, सिग्नलवरची मिनिटे, घाटाची चढण आणि महामार्गावरची मोकळी धाव या सर्वांची ती गोळाबेरीज असते. कंपनीच्या जाहिरातीत छापलेला आकडा ही आणखी वेगळी गोष्ट होय. भारतात ही चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) सारख्या संस्थांमध्ये होते. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेत रुळांवर चढवून ठराविक वेगक्रमाने चालविली जाते. मोटारींसाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या भारतीय चाचणीचक्राचा कालावधी अवघा ११८० सेकंदांचा असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. तेथे खड्डे नसतात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही. हा आकडा खोटा नसतो. तो दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी असतो, आपल्या रस्त्याचे भाकीत करण्यासाठी नव्हे.

ऊर्जा जाते कोठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. पेट्रोल इंजिन यातील मोठा भाग उष्णतेच्या रूपाने रेडिएटर व धुराड्यावाटे बाहेर टाकते. सर्वसाधारण वापरात सरासरी २५ टक्के ऊर्जा उपयोगी पडते, असे हिशेबासाठी धरू. म्हणजे लिटरमागे चाकांच्या वाट्याला सुमारे ८ मेगाज्यूल येतात. वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालकाचा फारसा ताबा नाही. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा मात्र तीनच वाटांनी खर्ची पडते : टायरच्या फिरण्याला रस्त्याचा होणारा विरोध, हवेचा विरोध आणि ब्रेक. यांपैकी पहिल्या दोन वाटा पूर्णपणे बंद करता येत नाहीत; तिसरी बऱ्याच अंशी चालकाच्या इच्छेवर आहे. त्यामुळे सुरुवात तेथूनच करणे उचित ठरेल.

ब्रेक आणि दूरची नजर

चालकासह १००० किलो वजनाची लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा पेट्रोल जाळूनच मिळविलेली असते. ब्रेक लावून गाडी थांबविली की, ती सर्व ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापविण्यात नाहीशी होते. वरील हिशेबाप्रमाणे हे सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल होय. लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर ३४० मीटर गेली असती. १७ मिलिलिटर म्हणजे औषधाचे तीन-साडेतीन चमचे. पण टाळता येण्याजोगे असे २० ब्रेक रोज लागत असतील, तर २२० दिवसांत सुमारे ७५ लिटर होतात. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या १३० लिटरपैकी निम्म्याहून अधिक वाटा येथेच भरून निघतो. म्हणून 'हळू चालवा' या सर्वश्रुत उपदेशापेक्षा 'लांब पाहा' हा उपदेश अधिक शास्त्रीय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गतिरोधकाचे उदाहरण घेऊ. गावाच्या वेशीवरील गतिरोधक कोठे आहे, हे रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्यास पाठ असते. तरीही अनेक चालक गतिरोधकाच्या २० मीटर अलीकडेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवतात व नंतर जोराने ब्रेक लावतात. तोच पाय दीडशे-दोनशे मीटर आधी उचलला तर गाडी आपोआप मंदावते आणि ब्रेकचा केवळ हलका स्पर्श पुरतो. यामुळे वाढणारा वेळ काही सेकंदांचा असतो. सिग्नलच्या बाबतीतही हेच लागू पडते. समोर लाल दिवा दिसत असताना वेग वाढविणे म्हणजे थांबण्याच्या जागेकडे इंधन जाळीत धावणे होय. याउलट मंद गतीने जात दिवा हिरवा होण्याच्या सुमारास पोहोचणारी गाडी थांबतच नाही. शून्यातून गाडी उचलण्यापेक्षा ताशी २० किलोमीटरवरून उचलणे स्वस्त पडते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की, आपल्याकडे पुढील गाडीशी अंतर ठेवले की मध्ये दुसरा घुसतो. हे निरीक्षण खरे आहे. तथापि, घुसणाऱ्या गाडीमुळे आपण मागे पडतो ते एका गाडीच्या लांबीने व त्यापुढील अंतराने, म्हणजे दोन-तीन सेकंदांनी. अशा दहा गाड्या घुसल्या तरी अर्धा मिनिट. अंतर ठेवल्यामुळे पुढील वाहनाच्या प्रत्येक लहानसहान ब्रेकला आपल्या ब्रेकने उत्तर देण्याची गरज उरत नाही, हा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे. काही हौशी मंडळी मालट्रकच्या अगदी मागे राहून हवेचा विरोध टाळण्याचा प्रयोग करतात. हवेच्या दृष्टीने त्यात तथ्य असले तरी, ज्या चालकाला पुढील रस्ता दिसत नाही त्याने इंधन मोजणे हा विनोद आहे.

वेग आणि हवेचा विरोध

टायरचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. आपल्या उदाहरणातील गाडीसाठी तो सुमारे ११८ न्यूटन धरता येतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला तो सुमारे ८१ न्यूटन असतो, ८० ला २०७, १०० ला ३२४ आणि १२० ला ४६७ न्यूटन. म्हणजे शहरी वेगात गाडी मुख्यतः रस्त्याशी झगडते आणि महामार्गावर मुख्यतः हवेशी. ८० वरून १०० वर जाताना वेग २५ टक्क्यांनी वाढतो, तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींसाठी तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग अनुज्ञेय आहे. नागपूर–शिर्डी अंतर १२० ने कापल्यास ४ तास २० मिनिटे लागतात व ९० ने कापल्यास सुमारे ५ तास ४७ मिनिटे. एकूण विरोध ९० ला सुमारे ३८० न्यूटन, तर १२० ला ५८५ न्यूटन. अधिक भारावर इंजिनाची कार्यक्षमता काहीशी सुधारते, हे जमेस धरूनही या गणिताप्रमाणे ८ ते १० लिटर पेट्रोलचा फरक पडतो. हिशेबासाठी लिटरला १०० रुपये धरल्यास दीड तासाची किंमत ८०० ते १००० रुपये होते. हा सौदा कोणी स्वीकारावा व कोणी नाकारावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परीक्षेच्या कामासाठी वेळेवर पोहोचणाऱ्याचे उत्तर वेगळे असेल आणि सहकुटुंब दर्शनाला निघालेल्याचे वेगळे. आपण सौदा करीत आहोत, याची जाणीव मात्र असावी.

वेगमर्यादेचा इंधनबचतीसाठी उपयोग ही कल्पना नवी नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून संपूर्ण देशात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, अशी मर्यादा घातली; ती १९९५ मध्ये उठविण्यात आली. भारतात १९७८ पासून पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवण्याचा सल्ला देत आली आहे. वरील आकडेवारी पाहता या सल्ल्याचा आधार स्पष्ट होतो. परंतु यावरून 'जितके हळू तितके चांगले' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ताशी २० किलोमीटरने दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी हवेशी झगडत नसली, तरी इंजिन स्वतःला फिरते ठेवण्यातच बहुतेक इंधन खर्च करते.

गिअरची निवड

ताशी ५० किलोमीटरचा स्थिर वेग सपाट रस्त्यावर राखण्यासाठी आपल्या गाडीला सुमारे २.८ किलोवॉट, म्हणजे चार अश्वशक्तींहूनही कमी शक्ती लागते. गाडीचे इंजिन मात्र साठ-सत्तर अश्वशक्तींचे असते. पेट्रोल इंजिन अशा अल्प भारावर अकार्यक्षम असते. हवेची वाट झडपेने अर्धवट बंद केलेली असल्याने प्रत्येक फेऱ्यात ते त्या अडथळ्यातून हवा ओढण्याचे श्रम करते, शिवाय पिस्टन व बेअरिंगचे घर्षण फेऱ्यांच्या संख्येनुसार वाढते. वरचा गिअर टाकला की तेच काम कमी फेऱ्यांत होते व झडप अधिक उघडते. दोन्ही कारणांनी इंधन वाचते.

म्हणून गाडी उचलताना फार हळूहळू वेग वाढवीत खालच्या गिअरमध्ये रेंगाळणे, ही रीत अनेक काटकसरी चालकांनी अंगीकारली असली तरी ती फलदायी नाही. मध्यम जोराने वेग घेऊन लवकर वरच्या गिअरमध्ये जाणे व तेथे स्थिर राहणे अधिक हितावह ठरते. अर्थात याला खालची मर्यादा आहे. इंजिन धडधडू लागले, गाडी गचके देऊ लागली की गिअर खाली आणलाच पाहिजे. चढावर हा विवेक विशेष आवश्यक आहे. ओव्हरटेक करतानाही बचतीचा विचार बाजूस ठेवावा. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांना मागे टाकताना चौथ्या गिअरमध्ये तीन मिलिलिटर वाचविण्यापेक्षा तिसऱ्यात तीन सेकंद वाचविणे महत्त्वाचे असते.

घाटाचा उतार : एका समजुतीची चिकित्सा

बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबा, आंबोली अशा घाटांनी पठार व कोकण, तसेच पठाराचे वेगवेगळे भाग जोडलेले असल्याने उताराचा प्रश्न महाराष्ट्रातील चालकास टाळता येत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली किंवा इंजिनच बंद केले की इंधन वाचते, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिला काही आधार होता. गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे फेरे वाढत व ते कार्ब्युरेटरमधून थोडेफार पेट्रोल ओढीतच राहत असे. गेल्या दोन-अडीच दशकांत मोटारींमध्ये इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण सार्वत्रिक झाले आणि हा आधार संपला. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की, संगणकीय नियंत्रक इंधनाचा पुरवठा थांबवितो. चाकेच इंजिनाला फिरवितात, पेट्रोल शून्य. फेरे अगदी कमी होऊन इंजिन बंद पडण्याच्या बेतात आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चाकांचा आधार नसतो. ते स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी पेट्रोल जाळते. लहान गाडीत हा खर्च तासाला सुमारे ०.६ लिटर, म्हणजे दहा मिनिटांच्या उतारात १०० मिलिलिटर असतो. ज्या कृतीला आपण बचत समजतो ती अशा उतारावर प्रत्यक्षात खर्च आहे.

अतिशय सौम्य उतारावर, जेथे गिअरमुळे गाडी गरजेपेक्षा अधिक मंदावते, तेथे न्यूट्रलमधील गाडी जास्त दूर घरंगळते, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथेही वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून जवळपास तोच लाभ मिळतो व गाडीवरील ताबा कायम राहतो.

खरा प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. ३०० मीटर उंचीचा घाट उतरताना १६ टन वजनाच्या ट्रकला सुमारे ४७ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा गमवावी लागते. दीडशे लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास पुरेल इतकी ही उष्णता आहे. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा भाग इंजिन शोषून घेते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सर्व ब्रेकवर पडते. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते आणि नेमकी शेवटच्या वळणावर नाहीशी होते. इंजिनच बंद केलेले असेल तर हवेच्या ब्रेकला दाब पुरविणारा कॉम्प्रेसरही बंद असतो. मोटारीत अशा वेळी ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात-दाब दोन-चार वेळा ब्रेक दाबताच संपतो, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पूर्ण मागे फिरवून काढली गेली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ मुंबई–बंगळुरू महामार्गाच्या उतारावर एका मालट्रकने ४० हून अधिक वाहनांना धडक दिली. इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे प्राथमिक तपासात पुढे आल्याचे त्यावेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. आपले विद्यार्थी व सहकारी मोटारसायकलीने ज्या रस्त्यांवरून येतात त्याच रस्त्यांवर ही समजूत चाकांवर फिरत असते. वर्गात ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडण्यास हरकत नसावी. सूत्र तेच आहे आणि समोरच्या बाकावर एखाद्या ट्रकचालकाचा मुलगा बसलेला असतो.

काही अन्य बाबी

टायरमधील हवा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चारही टायरमधील दाब सरासरी एक पीएसआयने कमी झाला तर इंधनखर्च सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो, असा अमेरिकी ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. पाच-सहा पीएसआयची तूट आपल्याकडे सहज आढळते. दाब टायर थंड असताना तपासावा. छपरावरील रिकामे कॅरिअर काढून ठेवावे, कारण वजनापेक्षा त्याची हवेतील आडकाठी जास्त असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वातानुकूलन नको म्हणणे व्यवहार्य नाही. गाडी सावलीत उभी करणे व पहिली दोन मिनिटे काचा उघडून आतील तापलेली हवा घालविणे एवढे करता येते. महामार्गाच्या वेगात उघड्या काचा हवेचा विरोध वाढवितात, तेव्हा तेथे त्या बंद ठेवणेच बरे.

सकाळी इंजिन पाच मिनिटे जागेवर 'गरम करणे' ही सवयही जुन्या काळातली होय. आजची इंजिने सुरू होताच सावकाश चालविली की लवकर तापतात. गाडी थांबलेली असताना दहा सेकंदांहून अधिक वेळ इंजिन चालू ठेवण्यापेक्षा ते बंद करून पुन्हा सुरू करण्यास कमी इंधन लागते, असे आढळले आहे. रहदारीत दर दहा सेकंदांनी किल्ली फिरविणे शहाणपणाचे नाही; रेल्वे फाटकावर मात्र निःसंकोचपणे इंजिन बंद करावे.

मोजमापाविषयी

वरीलपैकी कोणताही उपाय लागू पडला की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही. डॅशबोर्डवरील आकडा हा गाडीचा स्वतःविषयीचा अंदाज असतो. विश्वसनीय रीत जुनीच आहे. टाकी पंपाचा नळ आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटरची नोंद करावी, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी व पुढील वेळी शक्यतो त्याच पंपावर तशाच रीतीने टाकी भरून मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून अनुमान काढू नये. पाच-सहा टाक्यांची बेरीज घ्यावी. नोंद 'लिटरला किती किलोमीटर' याऐवजी '१०० किलोमीटरला किती लिटर' अशी ठेवल्यास तुलना अधिक प्रामाणिक होते. १० वरून १२ वर आलेली मोठी गाडी १०० किलोमीटरला १.६७ लिटर वाचविते, तर २० वरून २४ वर गेलेली लहान गाडी केवळ ०.८३ लिटर, किलोमीटरच्या भाषेत मात्र दुसरीच अधिक सुधारलेली भासते.

अशा नोंदींची तुलना करताना इंधनातील बदल विसरता कामा नये. उसाच्या प्रदेशातील आपल्या कारखान्यांशी निगडित असलेले इथेनॉल आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. हे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणामुळे ६ ते ७ टक्क्यांनी, तर १० टक्के मिश्रणासाठी रचून २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींची १ ते २ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. त्यामुळे २०१५ च्या वहीतील १८ आणि आजच्या वहीतील १७ या दोन आकड्यांत चालकाचा दोष शोधण्यापूर्वी गाडी कोणत्या वर्षाची आहे, हे पाहावे लागते. नव्याने नोंद सुरू करणाऱ्याने आधीच्या वर्षांशी तुलना न करता पहिला महिना आपल्या नेहमीच्या सवयीने व दुसरा महिना केवळ 'पाय लवकर उचलणे' ही एकच सवय बदलून गाडी चालवावी. रस्ता, पंप व टायरमधील हवा दोन्ही महिने तीच ठेवावी.